थिन क्लायंटवर बायोमेट्रिक लॉगिन बसवताय? या चुका टाळा

थिन क्लायंट म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचा डेस्कटॉप दाखवणारं टेबलावरचं छोटं यंत्र. त्यावर बोटाने किंवा चेहऱ्याने लॉगिन करण्यासाठीची खरेदी बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होते. आधी बोटाचा रीडर की चेहऱ्याचा कॅमेरा यावर बैठका झडतात, नमुने येतात, दर ठरतात. रीडर टेबलावर आल्यावर मग कळतं की थिन क्लायंटला तो दिसतच नाही, किंवा दिसतो पण लॉगिनच्या पडद्यावर त्याचा काही उपयोग नाही. खरं तर सेन्सरचा प्रश्न नंतरचा. नोंदवलेल्या ठशाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, राहणार कुठे आणि जुळवणार कोण: टेबलावरचं यंत्र, मागचा सर्व्हर की माणसाच्या खिशातली सुरक्षा किल्ली? एवढं ठरलं तरी निम्मे पर्याय आपोआप गळतात.

लॅपटॉपवर चालतं, मग इथेही चालेल

सगळ्यांत महागात पडणारी समजूत हीच. विंडोज हॅलो ही विंडोजमधली बोटाने किंवा चेहऱ्याने लॉगिन करायची सोय. तिचं टेम्प्लेट ज्या यंत्रावर नोंदवलं तिथेच राहतं, नेटवर्कवरून दुसरीकडे जात नाही. लॅपटॉप एका माणसाचा असतो, म्हणून तिथे हा गुण ठरतो. थिन क्लायंट मात्र ज्याला मोकळा मिळेल त्याचा. सकाळी एका टेबलावर बोट नोंदवलेला माणूस दुपारी दुसरीकडे बसला, की त्या यंत्राच्या लेखी तो परका. प्रत्येकाची नोंदणी प्रत्येक यंत्रावर करू म्हटलं, तर विंडोज हॅलो फॉर बिझनेस या कार्यालयांसाठीच्या आवृत्तीत एका यंत्रावर १० जणांची मर्यादा आहे. त्याहून जास्त माणसं एकच यंत्र वापरणार असतील तर फिडो-२ सुरक्षा किल्ली (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरायचं, सोबत बाळगायचं छोटं उपकरण) घ्या, हा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टचाच. ज्या रीडरमध्ये टेम्प्लेट सेन्सरच्या चिपवरच साठतं आणि तिथेच जुळवलं जातं, त्यांचीही अडचण हीच. सुरक्षित खरे, पण टेबलाला बांधलेले.

हे झालं विंडोजवाल्या थिन क्लायंटचं. बऱ्याच यंत्रांवर छोटी लिनक्स प्रणाली असते. तिथे हॅलो नाहीच, आणि निर्मात्याने ज्या रीडरचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रात आधीच भरलेल्या प्रणालीत, घातला असेल तेवढेच चालतात. विक्रेता ‘यूएसबी आहे, लावला की चालतो’ म्हणाला, तर आपल्या नेमक्या मॉडेलवर, आपल्याच फर्मवेअरवर लावून दाखवायला सांगा. शक्यतो खरेदीचा आदेश निघायच्या आधी.

दिवसभर सुरळीत, दुसऱ्या सकाळी सगळेच अनोळखी

हे लक्षण दिसलं की रीडरची काच पुसत बसू नका. विंडोज आयओटी ही अशा खास यंत्रांसाठीची विंडोज. तिच्यावर चालणाऱ्या थिन क्लायंटवर सहसा युनिफाइड राइट फिल्टर चालू असतो. डिस्कवर होणारे बदल तो एका तात्पुरत्या थरात झेलतो, आणि यंत्र रीस्टार्ट झालं की तो थर नाहीसा होतो. या यंत्रांत कचरा साठत नाही तो त्यामुळेच. पण त्याच न्यायाने फिल्टर चालू असताना बसवलेला ड्रायव्हर आणि त्या डिस्कवर नोंदवलेली बोटंही जातात. ड्रायव्हरसाठी उपाय सोपा आहे: फिल्टर बंद करा, यंत्र रीस्टार्ट करा, ड्रायव्हर बसवा, फिल्टर पुन्हा चालू करून परत रीस्टार्ट. टेम्प्लेटसाठी हा खेळ दर नव्या माणसागणिक करावा लागेल. तो कोणी करत नाही. शेवटी कंटाळून फिल्टरच कायमचा बंद केला जातो, आणि थिन क्लायंट घेण्यामागचं निम्मं कारण तिथेच संपतं. टेम्प्लेट यंत्राबाहेर ठेवायला हवं, हे इथे पटतं.

रीडर डेस्कटॉपपर्यंत पोहोचतो, पण उशिरा

यूएसबी रीडायरेक्शन म्हणजे टेबलावरचं उपकरण दूरच्या आभासी डेस्कटॉपच्या आत जोडून देणं. हे जोडणं होतं सेशन, म्हणजे त्या डेस्कटॉपवरचं काम, सुरू झाल्यावर, आणि सेशन सुरू व्हायला आधी लॉगिन लागतं. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. सेशनच्या आत एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये मंजुरी देताना बोट लावायचं असेल, तर रीडायरेक्शन पुरतं. पहिल्या लॉगिनसाठी मात्र रीडर थिन क्लायंटच्या स्थानिक प्रणालीलाच समजला पाहिजे, आणि तिथे पटलेली ओळख कनेक्शन ब्रोकरने (माणसाला त्याच्या आभासी डेस्कटॉपशी जोडून देणाऱ्या सर्व्हरने) स्वीकारली पाहिजे. म्हणून विक्रेत्याला विचारताना ‘रीडायरेक्शन चालतं का?’ एवढंच विचारू नका. ‘सेशनच्या आधी चालतं का?’ हेही विचारा.

कॅमेरा असा आत पाठवायचा विचार असेल तर आधी थोडा हिशेब करा. ६४० बाय ४८० पिक्सेलचं चित्र, दर पिक्सेलला १६ बिट, सेकंदाला ३० फ्रेम. न दाबता पाठवलं तर सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट होतात. आणि हे एका टेबलाचं. १०० मेगाबिटच्या स्विचवर तेही मावत नाही. चेहरा ओळखायचा तर स्थानिक यंत्रावरच ओळखा.

नाव टाकायची कटकट नको म्हणून

फक्त बोट ठेवा, यंत्रच तुम्हाला शोधून काढेल! दाखवायला हे छान दिसतं. पण एकाच्या टेम्प्लेटशी तुलना करणं वेगळं आणि हजारांच्या गर्दीत शोधणं वेगळं. एका तुलनेत चुकून परका माणूस जुळण्याची शक्यता लाखात एक धरा. नोंदलेली माणसं १००० असतील तर प्रत्येक प्रयत्नात १००० तुलना होतात, आणि तीच शक्यता शंभरात एकच्या आसपास येते. आधी कार्ड टेकवा किंवा नाव निवडा, मग बोट ठेवा. दोन सेकंद जास्त जातील, जाऊ द्यात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची ८००-६३बी मार्गदर्शिकाही सांगते की बायोमेट्रिक एकटं वापरू नये, सोबत हातात धरण्याजोगं, ओळख पटवणारं एखादं साधन असावं.

बाहेरून लावलेल्या उपकरणावर आंधळा विश्वास

थिन क्लायंटचा कॅमेरा किंवा रीडर बहुधा यूएसबीने लावलेला असतो, म्हणजे कुणीही काढून दुसरं काही लावू शकतो. २०२१ मध्ये सायबरआर्क या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कॅमेरा असल्याचं सोंग घेणारं यूएसबी उपकरण जोडून, संबंधित व्यक्तीच्या चेहऱ्याच्या अवरक्त चित्राच्या आधारे विंडोज हॅलोला चकवून दाखवलं. मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती दिली. २०२३ मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्स या सुरक्षा संशोधन संस्थेने तीन लॅपटॉपचे ठसे-सेन्सर पार केले. त्यांतल्या दोनांमध्ये सेन्सर आणि संगणक यांच्यातला संरक्षित दुवा चालूच केलेला नव्हता. सुविधा पत्रकात असणं आणि प्रत्यक्षात चालू असणं यांतला फरक इथे दिसतो. तुमच्या रीडरबद्दलही हे लेखी विचारा.

बोट जुळलं, तरी लॉगिन नाही

अशा वेळी खापर रीडरवर फुटतं, पण दोष बऱ्याचदा पुढच्या पायरीत असतो. काही प्रणाली बोट जुळल्यावर साठवलेला पासवर्ड भरून देतात. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलला असेल तर त्या जुनाच भरत राहतात, आणि चार-पाच वेळा बोट ठेवल्यावर खातंच लॉक होतं. दुसरं कारण घड्याळाचं. कर्बेरॉस या विंडोज नेटवर्कवरच्या ओळख-तपासणीच्या पद्धतीत यंत्र आणि सर्व्हर यांच्या वेळेत मुळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. थिन क्लायंटच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली आणि वेळ सर्व्हरकडून घेतली जात नसेल, तर अगदी स्वच्छ बोटही आत जाणार नाही. म्हणून आधी लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली घडामोडींची नोंद, पाहा: ठसा जुळला नाही, की जुळूनही सर्व्हरने नाकारलं? पहिली गोष्ट असेल तरच सेन्सरकडे वळा. रीडर मधूनच नाहीसा होत असेल तर तो कीबोर्डच्या हबमधून काढून थेट यंत्राच्या पोर्टला लावा, आणि यूएसबीची वीजबचत बंद करून बघा.

ठसाच जुळत नसेल तर बऱ्याचदा नोंदणी घाईत झालेली असते. एकच बोट, एकदाच, तेही नुकत्याच धुतलेल्या हाताचं. दोन्ही हातांची किमान एकेक बोटं घ्या, आणि रोजच्या वापरातल्याच मॉडेलच्या रीडरवर घ्या.

मग निवडायचं काय?

माणसं टेबलं बदलत असतील तर माझा कौल ठसा-सेन्सर असलेल्या फिडो-२ किल्लीला. टेम्प्लेट किल्लीतच राहतं, किल्ली माणसाबरोबर फिरते, सर्व्हरवर ठशांचा साठा होत नाही. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले होते. पासवर्ड बदलता येतो, बोट नाही, त्यामुळे असा साठा नसलेलाच बरा. किल्ली हरवते, विसरते, हे खरं. हाताशी काही जादा किल्ल्या आणि त्या देण्याची ठरलेली पद्धत लागेल. टेबलं ठरलेली आणि माणसं मोजकी असतील तर हॅलो पुरे. हातमोजे घालून किंवा ओल्या, झिजलेल्या हातांनी काम असेल तिथे बोटाचा हट्ट सोडा. तळहाताच्या शिरा ओळखणारा रीडर महाग पडत असेल तर कार्ड आणि पिन घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि पर्यायी वाट तपासा. बोट चाललं नाही की यंत्र काय मागतं? सगळ्यांना ठाऊक असलेला चार आकडी पिन मागत असेल, तर चोर बोटाच्या वाटेला जाणारच नाही. चाचणी घेताना आयटीतल्या उत्साही मंडळींची बोटं घेऊ नका. ज्यांची बोटं कधीच जुळत नाहीत अशी चार माणसं बोलवा, यंत्र रीस्टार्ट करा, त्यांचे पासवर्ड बदला, त्यांना वेगळ्या टेबलावर बसवा आणि मग बघा. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद करताना त्याचं टेम्प्लेट सर्व्हरवरून आणि बॅकअपमधूनही जातं का, हेही याच चाचणीत उरकून घ्या.