आरएसी म्हणजे वेटिंग नव्हे: रेल्वे तिकिटाच्या या चुका टाळा

तिकिटावरच्या शब्दांची गल्लत दर चवथीला (गणेशचतुर्थीला) कुणाला तरी भोवते. सगळ्यात वाईट गल्लत आरएसी (रिझर्व्हेशन अगेन्स्ट कॅन्सलेशन) आणि वेटिंगची. आरएसीवाल्याला गाडीत चढायचा हक्क असतो. साइड लोअरवर, म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर, दोघांनी बसून जायचं, कुणाचं तिकीट रद्द झालं की आख्खा बर्थ मिळू शकतो. वेटिंगवाल्याला आरक्षित डब्यात चढताच येत नाही. चार्ट लागल्यावरही ऑनलाइन तिकीट वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं.

चवथ आटोपून मुंबईला परतणारं गोव्यातल्या डिचोलीचं एक कुटुंब थिवी स्टेशनावर भेटलं. दोन पोरं, म्हातारी आई, माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या मांडवीच्या) नारळांची पिशवी. मोबाइलवर 'डब्ल्यूएल ४', म्हणजे वेटिंग चार. "चारच तर आहे, टीसी घेईल सांभाळून!" मी म्हटलं, "दादा, पीएनआर परत तपासा." तिकीट केव्हाच रद्द झालं होतं. गाडी आली, गेली, आणि आईंना घेऊन म्हापशाला बस शोधत जायची पाळी आली. उलट, आरएसीला घाबरून तिकीट रद्द करणारेही मी पाहिलेत. हातातली जागा सोडू नका.

तिकीट खिडकीवर काढलेलं वेटिंग मात्र आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटायच्या ३० मिनिटं आधीपर्यंत स्वतः रद्द करा, नाहीतर पैसे बुडाले.

दुसरी चूक, वेटिंगचा नुसता आकडा बघायची. आधी त्याच्या पुढची अक्षरं वाचा. मांडवी, कोकणकन्या या गाड्या मडगावहूनच सुटतात, तिथून सहसा जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण वेटिंग) मिळतं आणि ते बऱ्यापैकी सरकतं. नेत्रावती केरळातून येते. अशा गाडीला मधल्या स्टेशनावरून आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांचं वेटिंग) किंवा पीक्यूडब्ल्यूएल (अनेक स्टेशनांचं सामायिक वेटिंग) पडतं, त्याचा कोटा तुटपुंजा. मी जीएनडब्ल्यूएल ३० घेईन, पीक्यूडब्ल्यूएल ८ घेणार नाही. ॲपवरची तिकीट कन्फर्म होण्याची टक्केवारी बघून निर्धास्त होणाऱ्यांना अक्षरं वाचायचाही धीर नसतो, याचं वाईट वाटतं.

गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि जायचं नसेल, तर ती सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरा. पूर्ण पैसे मिळतात. घरी जाऊन निवांत भरू म्हणाल तर गेले.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं. मे महिन्यातल्या वेळेवर येऊ नका.

आणि नुसतं 'मुंबई' म्हणू नका. मांडवी सीएसएमटीला जाते, नेत्रावती कुर्ल्याच्या एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनस). न्यायला येणाऱ्याला स्टेशनाचं नाव सांगा.