डॉप्लर शिकताना पहिले काही महिने मी माझाच हात मोजत होते

डॉप्लर म्हणजे अल्ट्रासाऊंडच्या लहरींनी वाहत्या रक्ताचा वेग मोजणं. कुत्र्याच्या पोटातल्या महाधमनीवर प्रोब (लहरी सोडणारं हातातलं उपकरण) टेकवला की स्क्रीनवर वेगाच्या आलेखात आधी उंच शिखर येतं, मग रेषा बेसलाइनच्या (शून्य वेगाच्या रेषेच्या) जरा खाली जाते आणि परत थोडी वर. म्हणजे रक्त पुढे, क्षणभर मागे, पुन्हा पुढे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय, पण निरोगी कुत्र्यातही असं दिसतं.

नवीन असाल तर आधी अँगल, म्हणजे लहरींची दिशा आणि रक्ताची दिशा यांच्यातला कोन, पक्का करा. ६० अंशांच्या वर जात असेल तर रीडिंग घेऊच नका, प्रोब फिरवा. खरा अँगल ६० आणि तुम्ही लावला ६५, तर वेग साधारण १८ टक्के जास्त दिसतो, तीच ५ अंशांची चूक ३० वर केली तर ६ टक्क्यांच्या आत राहते. शिवाय फ्लो (ठरावीक वेळात किती रक्त वाहतं ते) काढायला रक्तवाहिनीच्या व्यासाचा वर्ग लागतो, तिथे १० टक्के जास्त धरलंत की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी फुगलं. मशीन काही बोलत नाही, गुपचूप आकडा देतं.

आता माझा घोळ. ११ मेंढ्यांच्या मानेतल्या धमनीत मला डायस्टोलमध्ये (दोन ठोक्यांमध्ये हृदय सैलावतं तेव्हा) फ्लो शून्य मिळत होता, मी खुशीत त्यावर तीन पानं लिहिली, काहीतरी नवीन सापडलं म्हणून! सिनियर आले, काही न बोलता वॉल फिल्टरचं बटण खाली फिरवलं, आणि बेसलाइनच्या वर हळूहळू वाहणारं रक्त दिसायला लागलं. धमनीच्या भिंतीची थरथर गाळायला असलेला फिल्टर मंद रक्तही गाळून टाकत होता.

भूल हा तर वेगळाच ताप. मेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाने ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या आवळतात, आयसोफ्लुरेन या हुंगवायच्या भुलीने सैलावतात, मग वेव्हफॉर्मचा (स्क्रीनवरच्या आलेखाचा) आकार आजारामुळे बदलला की औषधामुळे कसं कळणार? औषध, डोस, किती मिनिटं झाली, ठोके, बीपी, सगळं रीडिंगच्या शेजारीच लिहा, नंतर आठवत नाही.

उंदरांकडे लगेच वळू नका असं माझं मत. मिनिटाला ५००-६०० ठोके म्हणजे एक ठोका सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो, महाधमनी जेमतेम मिलिमीटरभर, हात जरा हलला की गेलं.

आणि इमेज सेव्ह करताना अँगल, स्केल, फिल्टर कोपऱ्यात दिसतायत ना ते बघाच. माझ्या इमेजेसमध्ये तो कोपरा क्रॉप झाला होता, त्यामुळे कुठल्या मेंढीला कुठली सेटिंग होती काही कळेना, सगळ्या ११ परत मोजल्या.