गाभारा नसलेल्या देवाला जाताना

जपानमधल्या नाराजवळच्या ओमिवा देवस्थानी मी पहिल्यांदा गेले ती दुपारी दीडला, आणि तिथला पवित्र डोंगर न चढताच परतले. वर जायची नोंदणी सकाळीच होते हे मला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला आई सोबत होती, तेव्हा नऊच्या ठोक्याला हजर राहिलो. तुम्हीही सकाळच धरा. जेआर रेल्वेच्या साकुराई लाइनवरचं मिवा स्टेशन नाराहून साधारण अर्ध्या तासावर आहे आणि तिथून देवस्थान पाच मिनिटांच्या चालीवर. गाड्या मोजक्या असतात, त्यामुळे वेळापत्रक बघूनच निघा. मोठ्या उत्सवांच्या दिवशी, उदाहरणार्थ १८ एप्रिलला, आणि हवा खराब असली की डोंगर बंद असतो. आदल्या दिवशी देवस्थानाची सूचना बघून ठेवा.

तोरीखालून, म्हणजे देवस्थानाच्या प्रवेशकमानीखालून, आत जाताना थांबून वाका आणि वाटेच्या कडेने चाला. मधली वाट देवाची. हात धुताना आधी डावा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ.

पुढे प्रार्थनेचा मंडप लागतो. आत्ताचा मंडप जपानचे त्या काळचे लष्करी राज्यकर्ते, चौथे शोगुन तोकुगावा इएत्सुना यांनी १६६४ मध्ये बांधून घेतला. आईने आत डोकावून विचारलं, "अगं, मूर्ती कुठाय?" मूर्ती नाही आणि गाभाराही नाही. मंडपामागे तीन कमानी जोडलेली एक वेगळीच तोरी आहे आणि तिच्यामागे थेट डोंगर. ४६७ मीटर उंचीचा मिवा डोंगर हाच इथला देव, ओमोनोनुशी या देवाचं ठाणं. म्हणून नमस्कार डोंगराला करायचा: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकायचं. आईने शेवटी हातही जोडले. शेजारच्या आजींनी तिच्याकडे बघून मान लववली.

अंगणातल्या जुन्या जपानी देवदाराशी थोडं थांबा. देवाचा पांढरा साप त्याच्या मुळाशी राहतो अशी श्रद्धा आहे. म्हणून लोक तिथे अंडी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवतात.

चढण सुरू होते ती साई नावाच्या लहान शिंतो देवस्थानापासून. ते मुख्य मंडपापासून थोडं चालून गेल्यावर लागतं. तिथे नाव-पत्ता लिहून द्यायचा, ३०० येन भरायचे. मग घुंगरू लावलेला पांढरा पट्टा मिळतो, त्याला तासुकी म्हणतात. तो गळ्यात घालून खाली येईपर्यंत काढायचा नाही. वाटेच्या तोंडाशी कागदी झालरीची काठी ठेवलेली असते. ती स्वतःच स्वतःवरून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरवून शुद्ध व्हायचं.

नियम मात्र मनापासून पाळा. फोटो काढायचा नाही. खायचं काही नाही, प्यायला फक्त पाणी. पान, दगड, काटकी, काहीही उचलून आणायचं नाही. मला हे नियम जाचक वाटले नाहीत. पाय ठेवतो ती मातीच देव आहे म्हटल्यावर तिच्यातलं खिशात काय घालणार? फोन पिशवीत तळाशी ठेवा म्हणजे हात त्याच्याकडे जाणार नाही.

जाऊन-येऊन सुमारे चार किलोमीटर. सरावाच्या माणसाला दोन तास पुरतात. आईचे गुडघे सांभाळत आम्हाला जवळजवळ तीन लागले. मुळांवरून आणि ओल्या दगडांवरून पाय घसरतो, म्हणून पकड असलेले बूट घाला. आमच्यापुढे एक गृहस्थ अनवाणी चढत होते, पण पहिल्या खेपेला तुम्ही तसं करू नका. वर स्वच्छतागृह नाही, ते खालीच उरका. वाटेत कुणी भेटलं की हळू आवाजात अभिवादन करायचं. इतर वेळी ऐकू येतं ते गळ्यातलं घुंगरू.

माथ्यावर झाडी दाट आहे, लांबचं काही दिसत नाही. देखाव्यासाठी जाऊ नका. छोटं कोनोमिया देऊळ ओलांडून पुढे गेलात की दोरीने वेढलेल्या शिळांचा समूह दिसतो: ओकित्सु इवाकुरा. देव उतरतो तो इथे. आई तिथे बराच वेळ उभी राहिली, आणि मीही तिला घाई केली नाही.

खाली आल्यावर तासुकी परत करा. साई देवस्थानामागे औषधी मानलेल्या पाण्याची विहीर आहे. ते पाणी तिथेच पिता येतं. मग जेवायला मिवाच्या बारीक शेवया, सोमेन. थंडीत त्याच शेवया गरम रश्शात देतात, त्याला न्यूमेन म्हणतात. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, म्हणून न्यूमेनच घेतलं.