खांदेरीचं दीपगृह बघायला जाताना

अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात खांदेरी बेट आहे. तिथे बहुतेक लोक किल्ला बघायला जातात, दीपगृहासमोर फोटो काढतात आणि परततात. माझी सगळी नोकरी फिटरची, त्यामुळे मला तिथलं लोखंड आणि काच आधी दिसते. तुम्हालाही तसं बघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच थळला पोचा. मांडव्याहून अलिबाग, तिथून रिक्षा, त्यात अवघड काही नाही.

अंधार पडला की किनाऱ्यावर उभं राहून घड्याळ लावा आणि खांदेरीचा दिवा मोजा. किती वेळा चमकला, मधे किती सेकंद अंधार, पुन्हा पहिली चमक कधी. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी ठेवलेली असते आणि खलाशी त्या लयीवरूनच दीपगृह ओळखतो. आकडे कागदावर लिहून ठेवा, उद्या वर लागतील.

तारीख मात्र सुट्टी बघून नाही, तिथी बघून ठरवा. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. दशमीला साडेसात, चतुर्थीला तीन. सकाळच्या भरतीला नाव वाळूला न लागता सुटते, आणि दशमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, असल्यामुळे दुपारच्या ओहोटीतही समुद्र फार आत जात नाही. पुनवेच्या उधाणात गेलात तर परतताना चिखल तुडवायची तयारी ठेवा. पावसाळ्यात नाव काढा म्हणून कुणाला गळ घालू नका. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात आहे, तेव्हा उतरायच्या आणि मनोऱ्यात शिरायच्या परवानगीचं काय, ते नाव ठरवतानाच विचारून घ्या.

उतरल्यावर ऊन चढायच्या आत आधी दीपगृह गाठा. हा अष्टकोनी मनोरा 1867 सालचा. जिना चढताना नुसत्या पायऱ्या मोजू नका, मधल्या पोकळीकडेही लक्ष द्या. त्या काळच्या फिरत्या दिव्यांना मोटर नसे. साखळीला लटकवलेलं जड वजन मनोऱ्याच्या पोटातून सावकाश खाली उतरायचं आणि त्या ओढीवर वरचं घड्याळी यंत्र भिंग फिरवायचं. वजन तळाला टेकायच्या आत हँडल मारून ते पुन्हा वर घ्यायचं, तेही रात्रभर. रखवालदाराची खरी नोकरी ती.

असं जुनं भिंग कुठेही बघायला मिळालं तर घाई करू नका. फ्रेनेल या फ्रेंच माणसाने 1820च्या दशकात ही रचना काढली. एकच जाड भिंग ओतण्याऐवजी काचेची कडी एकाबाहेर एक बसवली. मधली कडी प्रकाश वळवतात, तर वरच्या-खालच्या टोकाची काच तो आतल्या आत परतवून समोर पाठवते. कडेला डोळा लावून बघा, प्रत्येक काचेचा कोन निराळा घासलेला असतो. हे घासणाऱ्या कारागिराला माझा दंडवत. आता काल मोजलेले आकडे काढा: भिंगाला बाजू किती आणि एक फेरा किती वेळात, यावरून फिरत्या दिव्याची लय ठरते.

सुरुवातीची भिंगं रोलरवर फिरत, म्हणून फेरा संथ असे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती पाऱ्यावर तरंगवायला लागले, आणि टनावारी वजनाचं भिंग बोटाने ढकललं तरी हलू लागलं. असा पारा कुठे दिसला तर लांबूनच बघा, त्याची वाफ विषारी असते. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले असतात तेही सरकवू नका. ऊन उलटं आत एकवटलं तर आग लागते.

मग खाली उतरून तोफा बघा, चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या. बाकी ठिकाणी गाडे कुजून गेले आणि तोफा मातीत लोळतायत, इथे चाकांसकट उभ्या आहेत. माझ्या मते त्यांच्या आसांकडे अर्धा तास बघत बसलात तरी वाया नाही. वेताळाच्या देवळात नारळ द्या, कोळ्यांचं ते मोठं दैवत. जवळच एक खडक आहे, त्यावर लहान दगडाने हलकेच ठोकलं की तांब्याच्या हंड्यासारखा नाद येतो. हातोडी नेऊ नका, माझ्यासारख्यांना मोह होतो.

1679 साली शिवाजी महाराजांनी हे बेट का धरलं, हे तटावरून मुंबईच्या दिशेला तोंड केलं की कळतं.

प्यायचं पाणी घरून न्या, मुक्काम करता येत नाही. नाव अख्खी ठरवा, माणशी नाही, म्हणजे निघायची वेळ तुमच्या हातात राहते. दुपारी वारा चढतो आणि लाटा नावेत येतात, म्हणून बारापर्यंत परतीला लागा आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला.