डेब्युसी संपल्यावर बेथोव्हेन सुरू करताना

पहिल्या चेलो रिसायटलला (स्वतःच्या मैफलीला) दोनच सोनाटा, म्हणजे चेलो-पियानोच्या अनेक भागांच्या रचना, घेणार असाल, तर एकमेकांशी अजिबात न जुळणारे घ्या. मी मुलांना संगीतकार डेब्युसीचा १९१५ चा डी मायनर स्वरश्रेणीतला आणि बेथोव्हेनचा ए मेजरमधला, ओपस (रचना क्रमांक) ६९, देते. क्रमही हाच. डेब्युसी जेमतेम ११-१२ मिनिटांचा, पण मधल्या ‘सेरेनाड’ नावाच्या भागात बोटांनी तारा छेडण्याचं काम भरपूर असतं. ते ताज्या हाताने करावं.

खरी कसोटी दोन्हींच्या मधल्या मिनिटभरात आहे. डेब्युसी झटक्यात संपतो. टाळ्या, गरम झालेला हात, धडधडणारी छाती. आणि बेथोव्हेन सुरू होतो तो एकट्या चेलोने, हळुवार. पियानोचा आडोसा नाही. बो (वाजवायचा गज) जरा थरथरला तरी शेवटच्या रांगेत कळतं.

म्हणून शेवटचे १५ दिवस रोज हा सांधा वाजवा: डेब्युसीचं शेवटचं पान, उठून अभिवादन, पुन्हा बसणं, एंडपिन (चेलोखालची टेकूची दांडी) नीट रुतवणं, एक पुरा श्वास आणि बेथोव्हेनची पहिली ओळ. ती आधी गाऊन घ्या. ओळ खालच्या ‘ई’ या सुरावर येऊन थांबते आणि त्या सुरावर पियानो बोलू लागतो. तिथे बो घाईने संपवू नका, पियानो ऐकत ओढा. माझ्या एका विद्यार्थिनीचा खांदा सुरुवातीलाच वर जायचा. तिला बो तारेवर ठेवून, आवाज न काढता, चार आकडे मोजायला लावले. हाताचं वजन तारेत उतरलं की मगच ओढायचं. आठवड्यात तिचा सूर बसला.

पियानोवादकाशीही बोला. त्याने चेलोशी झुंजू नये, साथ करावी, असं डेब्युसीने स्वतः लिहून ठेवलंय. बेथोव्हेनमध्ये मात्र दोघं बरोबरीचे, तिथे त्याला मोकळं वाजवू द्या. तालमीला कुणाला तरी हॉलच्या मागे उभं करून दोन्ही वाद्यांच्या आवाजाचा तोल विचारा.

आणि पावसाळ्यात दोन तास आधी पोहोचा. एकदा जुलैत मी भिजत्या हवेतून थेट एसी हॉलमध्ये गेले आणि ऐन कार्यक्रमात ए तारेची खुंटी सुटली. वाद्य उघडून तिथल्या हवेत ठेवा, एंडपिन घसरू नये म्हणून खाली पट्टा घ्या.

दोन सोनाटांच्या मध्ये सूर लावायला संकोच नको. पियानोकडून ‘ए’ हा सूर मागा, चारही तारा सावकाश तपासा. बेथोव्हेनची पहिली ओळ त्याच एवरून निघते.