ओकिकूची दहावी थाळी

हॅलोविनसाठी जपानी भूत काढायचं म्हटलं की बहुतेक नवशिके सादाकोच काढतात. तोंडावर केस, पांढरा झगा, विहीर. 1998 च्या 'रिंगू' चित्रपटानं हे रूप इतकं पक्कं केलंय की आपलं असं काही त्यात घालायला जागाच उरत नाही. मी त्यांना थोडं मागे जायला सांगते, ओकिकूपर्यंत.

ओकिकू सामुराईच्या घरातली मोलकरीण. दहा किमती थाळ्यांपैकी एक कमी भरली, आळ तिच्यावर आला आणि तिचा शेवट विहिरीत झाला. तेव्हापासून रात्री विहिरीतून मोजणी ऐकू येते. एक, दोन, तीन करत नऊपर्यंत, आणि मग किंकाळी. हिमेजीच्या किल्ल्यात तिच्या नावाची विहीर आजही दाखवतात. जपानी चित्रकार होकुसाईनं 1831-32 च्या सुमारास तिला काढलं, तेव्हा मानेच्या जागी थाळ्यांची चळतच लावली आणि तीत केस गुंफले. चेहरा मात्र उग्र नाही, मलूल आहे. नव्यानं कल्पना करणं म्हणजे काय, ते त्या एका चित्रात नीट बघून घ्या. भुताचं दुखणं धरून ठेवायचं, बाकी हवं ते बदलायचं.

माझी कल्पनाही त्या दुखण्यातूनच निघाली. या कथेच्या काही रूपांत कुणीतरी नवानंतर मोठ्यानं 'दहा!' म्हणतं आणि ती शांत होते. म्हणून माझ्या चित्रात हॅलोविनच्या रात्री दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायला निघालेलं एक पोर विहिरीच्या काठावर येतं आणि हातातली कागदी प्लेट तिच्यापुढे धरतं. बस, एवढंच. वटवाघळं, कोळ्याची जाळी, रक्त यातलं काही घातलं नाही. जपानात भुताच्या गोष्टींचा हंगाम खरं तर उन्हाळ्याचा, त्यामुळे हॅलोविन मी पोराच्या पोशाखात आणि भोपळ्याच्या उजेडातच ठेवला.

आता पाय आणि कपडे. इथे आपली मंडळी हमखास फसतात, कारण डोक्यात हडळ असते आणि हात आपोआप उलटे पाय काढतो. जपानी युरेईला, म्हणजे मेलेल्या माणसाच्या भुताला, बहुधा पायच नसतात, कमरेखाली ती विरत जाते. दुसरी गोष्ट किमोनोची. जिवंत माणूस स्वतःची डावी बाजू वर घेतो, मृताला मात्र उजवी बाजू वर घेऊन नेसवतात. डिजिटल काम करताना प्रमाण तपासायला आपण कॅनव्हास सारखा आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवतो. तो तसाच उलटा राहून एक्सपोर्ट झाला तर तुमची मेलेली बाई जिवंत होते! क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एम' दाबलं की फक्त दृश्य उलटतं, मूळ चित्र नाही. क्रिटा फुकट आहे, सुरुवातीला तेच पुरे.

खरा वेळ उजेडावर घालवा. अंधारात काळे केस म्हणजे चिखल होतो. मी आधी केसांचा एकच मोठा आकार लॅसोनं (हवा तो आकार निवडायच्या टूलनं) कापून भरते, तोही काळ्यानं नाही, गडद निळ्यानं. मग वेगळ्या लेअरवर चंद्राच्या बाजूनं बारीक फिकट कड देते, आणि सुट्या बटा अगदी शेवटी, मोजक्याच. पांढरा किमोनोही पांढरा रंगवू नका. सावलीत तो निळसर राखाडी, खालून भोपळ्याचा नारिंगी. शुद्ध पांढरा मी एकाच जागी ठेवला, त्या कागदी प्लेटवर. नजर आपसूक तिथे जाते. मधूनमधून चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. तेवढ्यातही विहीर, बाई आणि पोर ओळखू येत नसतील, तर बारकावे थांबवून आकार दुरुस्त करा.

प्रिंट किंवा स्टिकर विकायचा विचार असेल तर हेही लक्षात असू द्या: सादाकोवर हक्क असणारी माणसं आहेत. ओकिकू लोककथेतली आहे, तुम्ही रचलेलं तिचं रूप तुम्ही बिनधास्त विकू शकता. पोर्टफोलिओत चित्रासोबत सुरुवातीची कच्ची स्केचेसही लावा. काम देणारे मला बहुतेक वेळा त्यांच्याबद्दलच विचारतात.