घरी विमान बांधताना एलेरॉनची बिजागरी बदलताय? या चुका टाळा

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, विमान डावी-उजवीकडे कलवणारा हलता भाग. त्याला प्लॅनमध्ये पियानो हिंज (पूर्ण लांबीची पट्टीसारखी बिजागरी) दिलीय आणि तुम्हाला तिथे रॉड एंड बेअरिंग (दांड्याच्या टोकाला फिरणारा बॉल असलेलं बेअरिंग) लावायचंय, कारण ते हाताला एकदम स्मूथ लागतं. मलाही हा मोह झाला होता. पण ही दाराची बिजागरी नाहीये, की एक काढली आणि दुसरी ठोकली. पियानो हिंज लोड सगळ्या लांबीवर पसरवते, रॉड एंड तोच लोड दोन-तीन जागी गोळा करतो, म्हणून तिथे स्पारला (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला) आतून डबलर (जोडपत्रा) नसेल तर रिव्हेटच्या भोवती क्रॅक येतात. हे गणित डिझायनरकडून तपासून घ्या आणि मगच ड्रिल हातात घ्या.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बॅलन्सकडे. समजा एलेरॉन २ किलोचा आहे आणि नव्या ब्रॅकेटमुळे हिंज लाइन (एलेरॉन ज्या रेषेभोवती फिरतो ती) १ सेंटीमीटर पुढे गेली, तर शेपटाकडचा मोमेंट (वजन गुणिले अंतर) २००० ग्रॅम-सेंटीमीटरने वाढला, म्हणजे काउंटरवेट (पुढच्या बाजूला लावलेलं तोलाचं वजन) हिंजपासून १० सेंटीमीटरवर असेल तर अजून २०० ग्रॅम शिसं पाहिजे. ते नाही टाकलं तर फ्लटर (हवेत एलेरॉनची आपोआप वाढत जाणारी जोरदार फडफड) होऊ शकतो, आणि फ्लटर एकदा धरला की काही सेकंदांत एलेरॉन उखडून जाऊ शकतो, तुम्हाला थ्रॉटल मागे घ्यायलाही वेळ मिळेलच असं नाही. रंगाचंही तेच, मागच्या कडेला २५ सेंटीमीटरवर २० ग्रॅम रंग बसला की पुढे १० सेंटीमीटरवर ५० ग्रॅम जास्तीचं वजन लागतं, म्हणून फायनल बॅलन्स रंग सुकल्यावरच करा. प्लीज.

स्टिक जड लागतेय? आधी पुशरॉड (स्टिकची हालचाल एलेरॉनपर्यंत नेणारा दांडा) सोडवा. तरीही एलेरॉन अडकत असेल तर बिजागऱ्या एका रेषेत नाहीत, एकेक बोल्ट सैल करून बघा, गुन्हेगार सापडतो. भोकं मोठी करून मोकळं करू नका, त्याने प्ले (ढिलेपणा) येतो आणि प्ले म्हणजे परत फ्लटरला आमंत्रण. जमिनीवर मोकळं आणि हवेत जाम असंही होतं, कारण लोडखाली पंख वाकतो, म्हणून आडवा लोड एकाच बिजागरीने घ्यावा, बाकीच्यांना बाजूला थोडी सरकायला जागा ठेवा.

हार्डवेअरमध्ये तर बरेच जण फसतात. रिव्हेटचं एज डिस्टन्स (रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर) व्यासाच्या दुप्पट तरी हवं, १/८ इंचाला १/४ इंच. बोल्ट फिरू शकेल अशा जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) चालत नाही, कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्या खाचांतून जाणारी कॉटर पिनच लावायची. बेअरिंगमध्ये बोल्टचे आटे येता कामा नयेत, ग्रिपची (बोल्टच्या आटे नसलेल्या भागाची) लांबी मोजून घ्या. रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला मोठा वॉशर घाला, बॉल निसटला तरी रॉड बोल्टवरच राहतो. आणि पियानो हिंजच ठेवली असेल तर पिन दोन्ही टोकांना लॉक करा, व्हायब्रेशनने ती हळूहळू बाहेर सरकते.

विमान आधीच उडवलेलं असेल आणि तुम्ही अमेरिकेत असाल तर स्वतःच्या विमानाची ऑपरेटिंग लिमिटेशन्स (उडवण्याच्या अटींचा अधिकृत कागद) काढून वाचा, मोठा बदल केल्यावर एफएएला (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाला) कळवून परत फेज १ टेस्टिंग (सुरुवातीची चाचणी उड्डाणं) करावं लागतं, साधारण कमीत कमी ५ तासांचं, आणि ते लॉगबुकमध्ये लिहायचं. या ५ तासांत पॅसेंजर अजिबात नको, घरचं माणूससुद्धा नाही.